भिंत फोडण्याआधी

चि. मनूस,


नव्या घराचे फोटो पाहिले. हॉल मोठा आणि उजेडाचा आहे, जावईबापूंनी निवडलेला रंगही डोळ्यांना निवांत वाटतो. त्याच रंगाच्या भिंतीतून तुला आता स्पीकरच्या वायरी न्यायच्या आहेत. टीव्हीपासून सोफ्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, आणि वायर कुठे दिसता कामा नये. फोनवर तू विचारलंस, “मामा, एका दिवसाचं काम आहे ना?” फोनवर मी नुसतं “बघू” म्हणालो. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते लिहूनच द्यावं असं वाटलं. म्हणजे तुला ते वायरमनच्या हातात ठेवता येईल. तुझ्यासारखं तयार घर घेतलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तरी चांगलंच.

एका दिवसाचं काम ही समजूत कुठून आली ते मला कळतं. तू पाहिलेले व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले आहेत. तुझ्या दादाच्या न्यू जर्सीच्या घरासारखी घरं असतात ती. तिथली आतली भिंत म्हणजे लाकडाचा सांगाडा. साधारण 16 इंचांवर एक उभा खांब, आणि दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड ठोकलेला. मधली जागा पोकळ. बोर्डाला करवतीने चौकोनी भोक पाडायचं, खालच्या तळघरातून किंवा वरच्या माळ्यावरून आडव्या लाकडाला छिद्र घ्यायचं, वायर सोडायची, खालून आकड्याने ओढायची, भोकावर प्लेट बसवायची. संध्याकाळपर्यंत गाणी सुरू. त्यांच्याही अडचणी आहेत. बाहेरच्या भिंतीत थंडीसाठी कापसासारखं इन्सुलेशन भरलेलं असतं, काही ठिकाणी आग वर चढू नये म्हणून मध्ये आडवी लाकडं असतात. शिवाय आगीच्या भीतीनेच त्यांच्याकडे भिंतीत घालायची स्पीकर वायर वेगळ्या दर्जाची लागते. तिच्या आवरणावर सीएल2 किंवा सीएल3 असं छापलेलं असतं. पण एकूण भिंत पोकळ आहे, या एका गोष्टीवर त्यांची सगळी युक्ती उभी असते.

आपली भिंत भरीव असते. तिच्यातून वायर ओढता येत नाही. आधी झिरी मारावी लागते, म्हणजे गिलावा आणि वीट खरवडून नाली काढावी लागते. तिच्यात पाइप बसवायचा, सिमेंटने बुजवायचं, पाणी मारायचं, वाळू द्यायचं, मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. आणि नुसत्या पट्ट्यावर मारलेला रंग जुन्या रंगाशी जुळत नाही, म्हणून शेवटी अख्खी भिंत रंगवायची. वायरमन, गवंडी आणि रंगारी अशी तिघांची कामं एकामागोमाग लागतात. त्यामुळे एक दिवस हा हिशेब डोक्यातून काढून टाक.

पहिलं काम म्हणजे तुझी भिंत कशाची आहे ते ओळखणं. बिल्डरकडून मिळालेल्या कागदांत ते असतं, नसेल तर साइटच्या इंजिनिअरला विचार. जुन्या इमारतींत बाहेरची भिंत नऊ इंची विटेची आणि आतली साडेचार इंची असते. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत विटेच्या जागी पांढरे, हलके एएसी ब्लॉक आहेत. आणि उंच टॉवरांत आता अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. मिस्त्री त्याला मायवान म्हणतात. अशा घरात जवळजवळ प्रत्येक भिंत लोखंडी सळ्यांची असते आणि इमारतीचा भार पेलते. तिथे झिरी मारायचीच नाही. पाइप जे काही होते ते काँक्रीट ओतण्याआधी टाकले गेले, आता नव्या पाइपला जागा नाही. कुणी कटर घेऊन “होतं हो ताई, करून देतो” म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठव. तोच नियम कॉलम, बीम आणि स्लॅबला. सळीवरचं काँक्रीटचं आवरण पातळच असतं. ते उडालं की हवा आणि ओल सळीपर्यंत पोहोचते, सळी गंजून फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. त्या वेळी स्पीकर कदाचित भंगारात गेलेले असतील, इमारत मात्र तिथेच असेल.

वीट किंवा ब्लॉक असेल तरी सगळं मोकळं आहे असं समजू नकोस. बांधकामातला सर्वसाधारण नियम असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नको. आडवी झिरी भिंतीला तिच्या लांबीभर कमजोर करते, म्हणून तिला बंधन जास्त. आता साडेचार इंची भिंतीचा हिशेब कर. जाडी 115 मिलिमीटर. उभ्या झिरीला 38 मिलिमीटर मिळतात, म्हणजे 20 किंवा 25 एमएमचा पाइप आरामात बसून वर गिलाव्यालाही जागा उरते. आडवीला मिळतात जेमतेम 19. त्यात 20चा पाइपसुद्धा मावत नाही. तू मनात आखलेला रस्ता, टीव्हीपासून सरळ आडवा सोफ्यापर्यंत, आतल्या भिंतीत बसतच नाही तो यामुळे. चांगला वायरमन आडवा जाताना नेहमी जमिनीलगत किंवा छतालगत वाट शोधतो आणि भिंतीत फक्त उभा उतरतो.

भिंतीत आधीपासून काय काय आहे, तेही पाहा. आपल्याकडे विजेचे पाइप सहसा स्लॅबमधून येतात आणि बोर्डापाशी सरळ खाली उतरतात. म्हणून प्रत्येक स्विचबोर्डाच्या बरोबर वरची पट्टी धोक्याची, आणि त्याच्या खाली प्लगचा बोर्ड असेल तर मधली पट्टीही धोक्याची. हॉलच्या पलीकडे बाथरूम असेल तर त्या भिंतीला हात लावायचा नाही. आत पाण्याचे पाइप असतात, आणि ठोकाठोकीने पलीकडचं वॉटरप्रूफिंग हललं तर ओल तुझ्या हॉलमध्ये उमटेल. बाजारात भिंतीतली तार शोधणारी यंत्रं मिळतात. विटेच्या भिंतीत ती बऱ्यापैकी काम देतात, पण सळ्यांच्या भिंतीत सगळीकडेच लोखंड असल्यामुळे गोंधळतात. यंत्राने “काही नाही” म्हटलं तरी ड्रिल लावताना त्या खोलीचा एमसीबी पाडलेला हवा, आणि टेस्टरने खात्री केलेली हवी. छताला स्पीकर टांगायचा असेल तर हीच काळजी दुप्पट. दिव्याच्या पॉइंटपासून स्लॅबमधले पाइप कुठल्याही दिशेला गेलेले असू शकतात.

सोसायटीची लेखी परवानगी घे. तोडफोड विचारल्याशिवाय करायची नाही, असं आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत असतंच. दुसरंही एक कारण आहे. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात. तू भिंत चिरलीस आणि पुढे तिथेच भेग दिसली, तर तो तुझ्या झिरीकडे बोट दाखवायला मोकळा.

इतकं वाचून तू म्हणशील, मामा नाहीच म्हणतोय. तसं नाही. फोडण्याआधी न फोडता जाण्याच्या वाटा संपव, एवढंच सांगतोय, आणि अशा वाटा तुझ्या घरात आहेत.

पहिली वाट बिल्डरने बांधून दिलेली आहे, कुणी तिच्याकडे बघत नाही. तुझ्या फोटोत सोफ्यामागे एक कोरी प्लेट दिसली. ती टेलिफोनची. लँडलाइन आता कुणी घेत नाही, पण पाइप भिंतीत आहे. टीव्हीच्या मागेही केबलचा पाइप असणार. हे दोन्ही बहुधा दारापाशी किंवा माळ्यावर एकाच पेटीत जाऊन मिळतात. वायरमनला पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग घालून बघायला सांग. दोन्हीकडून ती त्या पेटीत निघाली, तर टीव्हीपासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून सोफ्यापर्यंत वायर जाईल, एक टवका न उडता. इंटरनेट आणि इंटरकॉमची वायर त्याच पाइपात असेल तर ती ओरबाडली जाणार नाही एवढं बघ. वाट लांबची पडते, त्यामुळे वायर जाड घ्यावी लागेल. त्याचा हिशेब पुढे देतो.

दुसरी वाट फॉल्स सीलिंगची. कडेची पीओपीची पट्टी पोकळ असते. दिव्यासाठी कापलेल्या गोल भोकातून हात घालून वायर कोपऱ्यापर्यंत नेता येते, आणि तिथून खाली उतरायला थोडी उभी झिरी पुरते. सीलिंगमध्ये दिव्यांच्या वायरी असतातच, स्पीकरची वायर त्यांच्या गुंत्यात सोडू नको. वेगळ्या पाइपात घालून फूटभर लांब ठेव.

तिसरी वाट जमिनीलगतची. टाइलचं स्कर्टिंग काढायचं नाही, त्याच्या वरच्या कडेला बारीक केसिंग-पट्टी चिकटवायची आणि भिंतीच्याच रंगाने रंगवायची. सोफा, टीव्हीचं युनिट, पडदे यांच्यामागे ती दिसतही नाही. अडचण येते ती बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी. तिथे उंबऱ्यावरून जायचं नाही, पाय पडून वायर चिरडते. दाराच्या चौकटीला वळसा घालून वरून जायचं.

पट्टी म्हटल्यावर तू नाक मुरडशील, माहीत आहे. मी काम शिकलो तेव्हा घरोघरी सागवानी पट्टीवर क्लिपांनी वायर ठोकायची पद्धत होती. ओळंब्यात उतरलेली पट्टी आणि नेमक्या अंतरावर बसलेल्या क्लिपा पाहून वायरमनचा हात ओळखला जायचा. वायर दिसते म्हणजे घर गबाळं, असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं, उलट बिघाड कुठे आहे ते उभ्या उभ्या सापडायचं. सगळं लपवायची सवय नंतरची. सरळ, नीट बसवलेली पट्टी घाईत मारलेल्या आणि वर्षभरात भेगाळलेल्या झिरीपेक्षा कितीतरी देखणी दिसते.

चौथी वाट म्हणून जावईबापू बिनतारी स्पीकर सुचवतील. त्यांना सांग, आवाज हवेतून येईल, वीज येणार नाही. अशा बहुतेक स्पीकरना जवळ 230 व्होल्टचा प्लग लागतो. सोफ्यामागे प्लग आधीच असेल तर हा मार्ग उत्तम. नसेल तर स्पीकरची वायर वाचवून विजेची वायर ओढायची, म्हणजे काम तेच आणि धोका जास्त.

आता वायरीविषयी. दुकानात “ऑक्सिजन-फ्री” आणि सोनेरी टोकांची भाषा ऐकायला मिळेल. तुला दोनच गोष्टी बघायच्या आहेत, तांबं आणि जाडी. वायरचा जाता-येता मिळून जो रोध होतो तो स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा नेहमीचा नियम. आपण दीडची वायर म्हणतो ती, म्हणजे 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची, 8 ओहमच्या स्पीकरला सुमारे 15 मीटरपर्यंत चालते, 6 ओहमच्या स्पीकरला 11 मीटरपर्यंत. अडीचची घेतलीस तर 8 ओहमला 25 मीटर आणि 6 ओहमला 18 मीटरपर्यंत काळजी नाही. तुझ्या हॉलमध्ये कडेकडेने गेलं तर टीव्हीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत नऊ-दहा मीटर होतील, तिथे दीडची पुरते. टेलिफोनच्या पाइपातून वळसा घ्यायचा झाला तर अडीचची घे. पाकिटावर गेज लिहिलेला असेल तर लक्षात ठेव, आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. 16 गेज म्हणजे सव्वा स्क्वेअर एमएमच्या थोडी वर, 14 गेज म्हणजे दोनच्या थोडी वर.

तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर फार विकली जाते. पाकिटावर कोपऱ्यात सीसीए अशी तीन अक्षरं असतात. एक तार ब्लेडने खरवड. आतून पांढरी निघाली तर दुकानदाराला परत दे. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि वाकवताना ती लवकर तुटते. भिंतीत एकदा बुजली की तुटलेली जागा सापडत नाही. आवरणही बघ. भिंतीत किंवा सीलिंगमध्ये जाणारी वायर आग न पसरवणारी आणि धूर कमी करणारी, म्हणजे एफआरएलएस प्रकारची घे.

सबवूफरचं प्रकरण वेगळं आहे. त्याला अॅम्प्लिफायरकडून जी वायर जाते तिच्यात सिग्नल फार क्षीण असतो, आणि सबवूफर स्वतःच तो मोठा करतो. त्यामुळे ही वायर विजेच्या वायरीला समांतर गेली, तर 50 हर्ट्झची घुमघुम तिच्यात शिरते. ती आवरणबंद वायर असावी आणि विजेच्या वायरीला ओलांडायची वेळ आली तर काटकोनातच ओलांडावी. साध्या स्पीकर वायरला घुमघुम सहसा होत नाही. तरीही ती विजेच्या पाइपात घालायची नाही. तिथे प्रश्न आवाजाचा नाही, जिवाचा आहे. कुठे आवरण सोललं तर 230 व्होल्ट थेट तुझ्या स्पीकरच्या उघड्या टोकांवर येतील. त्याच कारणाने स्पीकरच्या जोडणीला विजेचा दोन पिनांचा प्लग-सॉकेट वापरू द्यायचं नाही. काही कारागीर स्वस्तात तसं करतात, आणि मग पाहुण्यांचं मूल तो प्लग भिंतीतल्या चालू सॉकेटमध्ये खुपसतं. स्पीकरसाठी वेगळ्या मॉड्युलर प्लेटा मिळतात, लाल-काळ्या स्क्रूच्या. त्याच लाव.

इतकं करूनही एखाद्या जागी झिरी मारावीच लागली, तर ती कशी मारून घ्यायची ते सांगतो. आधी पेन्सिलने दोन रेषा आखायच्या, मग दोन्ही रेषांवर कटर चालवायचा आणि मधलाच भाग छिन्नीने काढायचा. नुसता हातोडा मारत सुटला की साडेचार इंची भिंत पलीकडूनही तडकते, आणि एएसी ब्लॉक तर बोलून चालून मऊ. वायर नुसती गिलाव्यात पुरायची नाही, पाइपातच घालायची. वळणावर काटकोनी एल्बो नको, गोल वळणाचा बेंड हवा, आणि दोन पेट्यांमध्ये दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. पाइप निम्म्याहून कमी भरायचा आणि आत एक नायलॉनची दोरी मोकळी सोडायची. पुढे वायर खराब झाली किंवा नवी घालावीशी वाटली, तर तीच दोरी धरून ओढता येते. बुजवताना झिरीवर कोंबडजाळी ठोकून मगच सिमेंट भरायचं. त्यावर पाणी मारून ते पूर्ण सुकल्यावरच पुट्टी. वायरमनला पैसे द्यायची घाई नको, आणि गवंड्याच्या कामाला सुकायला वेळ द्यायला विसरू नको.

बुजवण्याआधी वायर तपासून घे. मल्टिमीटरने दोन्ही तारा अखंड आहेत आणि एकमेकींना चिकटलेल्या नाहीत हे बघायचं. मग दुसऱ्या टोकाला स्पीकर जोडून, अॅम्प्लिफायरकडचं टोक मोकळं ठेवून त्याला क्षणभर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल लावायचा. सेलचं अधिक टोक लाल तारेला लावलं की स्पीकरचा पडदा पुढे उडाला पाहिजे. मागे गेला तर तारा उलट्या आहेत. एका स्पीकरच्या तारा उलट्या राहिल्या तर आवाज बंद पडत नाही, फक्त जोडीतला ढोलकी-तबल्याचा भरदारपणा नाहीसा होतो, आणि लोक विनाकारण नवा अॅम्प्लिफायर आणतात.

मनू, या सगळ्याच्याही आधी करायचं एक काम आहे. तुझी बसायची जागा ठरव. समोरचे दोन स्पीकर तिथून नाकाच्या रेषेच्या दोन्हीकडे साधारण 30 अंशांवर येतात. मागचे दोन तुझ्या पाठीमागच्या भिंतीत नसून बाजूला आणि थोडे मागे, 110 ते 120 अंशांवर असायला हवेत, बसल्यावर कानाच्या उंचीला किंवा थोडे वर. म्हणजे सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल, तर स्पीकरला जागाच उरत नाही. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्यावा लागेल. घरातल्यांना ते पटतंय का, आधी ते बघ. त्यासाठी काही दिवस वायरी जमिनीवरून उघड्याच पसर, कडेला चिकटपट्टीने धरून ठेव, आणि रोज ऐक. सिनेमा बघ, रात्री गाणी लाव, सासूबाईंना बातम्यांचा आवाज कसा येतो विचार. जागा बदल, परत ऐक. कुणाचा पाय अडकेल म्हणून दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील, ते ऐकून घे. जागा मनासारखी ठरल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही.

आणि जे काही भिंतीत जाईल त्याचे बुजवण्याआधी फोटो काढ. फोटोत भिंतीला मोजपट्टी लावलेली असू दे, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल अशी. एका कागदावर साधा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेव. हे घर तू पुढे विकशील, भाड्याने देशील, नाहीतर तुझीच मुलगी मोठी होऊन त्या भिंतीवर चित्र टांगायला ड्रिल लावेल. आत काय आहे हे तिला कळायलाच हवं.

तेव्हा आधी सोसायटीला अर्ज दे, साइटच्या इंजिनिअरकडून भिंत कशाची ते लिहून घे, आणि टेलिफोनच्या पाइपात स्प्रिंग घालून बघ. या तीन गोष्टी होईपर्यंत कुणालाही कटर चालू करू देऊ नकोस.

जावईबापूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
मामा